प्रकाश : आहारही आणि संदेशही



आपल्या घरांतील पंचांगात तिथीशेजारी रोजच्या दोन वेळा आवर्जून छापलेल्या असतात : सूर्योदय आणि सूर्यास्त. इतरत्र या आकड्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आपल्याकडे मात्र दिवसाची आखणी त्यांच्यावरच होते. सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे उलटली की नवकारशीचे पच्चक्खाण पारले जाते. सूर्यास्तापूर्वी चौविहार होतो आणि अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याग सुरू होतो. साधु-साध्वी भगवंत विहाराला निघतात तेही उजाडल्यावरच, कारण ईर्यासमितीचे पालन करायचे तर पुढची चार हात भूमी डोळ्यांना स्पष्ट दिसली पाहिजे. भिंतीवरचे घड्याळ घराघरांत येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून आपला समाज सूर्याच्या घड्याळावर चालत आला आहे.

या घड्याळावर चालणारे आपण एकटे नाही. अंगणातील चिंच, कुंडीतील तुळस, शेतातील सूर्यफूल, तळ्यातील डोळ्यांना न दिसणारा जीव आणि दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग, हे सारेच आपले हालणे आणि वाढणे प्रकाशाच्या येण्याजाण्यावर बेतत असतात. ते हे कसे साधतात, याचा शोध गेल्या सुमारे तीनशे वर्षांत विज्ञानाने चिकाटीने घेतला आहे. तो शोध समजून घेणे हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू आपल्या दैनंदिन आचाराशी निगडित आहे. जीव प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात हे एकदा उमगले, की आपण रात्रभर जळत ठेवलेल्या दिव्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

स्थावर, पण निश्चल नव्हे

जैन तत्त्वज्ञानात संसारी जीवांचे त्रस आणि स्थावर असे दोन भेद सांगितले आहेत. वनस्पतिकाय स्थावरांत मोडतो. एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी स्वेच्छेने जाणे त्याला शक्य नसते. परंतु स्थावर म्हणजे जडवत् निश्चल नव्हे. स्पर्शेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य हे चार प्राण एकेंद्रिय जीवाच्या ठायी मानले आहेत. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञाही त्याला आहेत. आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात मनुष्यदेह आणि वनस्पतिदेह यांची तुलना येते. दोन्ही जन्मतात, वाढतात, आहार घेतात, छेदले असता म्लान होतात आणि दोन्ही अनित्य आहेत, असा तिचा आशय आहे.

आता या स्थावर जीवापुढील अडचण पाहा. त्याचे अन्न प्रकाशावाचून तयार होत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून साखर बनवण्याचे काम हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या बळावर करते. आपल्याला ऊन नकोसे झाले तर आपण सावलीत जातो, थंडी वाजली तर उन्हात बसतो. वनस्पतीला ही मोकळीक नाही. बी जेथे पडले तेथेच तिला आयुष्य काढायचे असते. म्हणून ती चालत नाही, ती वाढते. प्रकाशापर्यंत पोहोचण्याचा तिचा मार्ग वाढीतूनच जातो.

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या वाचकाला हा व्यवहार चटकन समजेल. बी म्हणजे मर्यादित भांडवल. मातीखाली, अंधारात कोंब फुटतो तेव्हा त्याची कमाई शून्य असते; खर्च मात्र सुरू झालेला असतो. अशा वेळी कोंब पाने पसरत नाही, हिरवा रंगही तयार करत नाही. साठ्यातील सारे बळ तो केवळ उंचीवर खर्च करतो. प्रतिष्ठा महोत्सवातील ज्वारारोपणात आडोशाला ठेवलेल्या पात्रांतील जवारे पाहिले असतील, तर ते फिकट पिवळे, लांबट आणि नाजूक का असतात याचे कारण हेच आहे. भांडवल संपण्याआधी उजेड गाठला तर कोंब जगतो, अन्यथा नाही. उजेड अंगावर पडताच त्याचा सारा हिशेब बदलतो : लांबी वाढण्याचा वेग मंदावतो, पाने उलगडतात, हिरवा रंग चढतो आणि कमाई सुरू होते. अजून ज्याने प्रकाशातून कणभरही अन्न मिळवलेले नाही, तो कोंब केवळ प्रकाशाच्या स्पर्शाने आपली वागणूक बदलतो. म्हणजेच प्रकाश हा त्याचा आहार तर आहेच, शिवाय तो एक संदेशही आहे. पुढील सारे विवेचन समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वळण कोठून येते?

खिडकीतील कुंडी काही दिवस न फिरवता ठेवली तर तिच्यातील रोप उजेडाकडे झुकते, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. हे झुकणे कसे घडते? इंग्लंडमधील चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरील आपला ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध केला. पाळीव पक्ष्यांना ज्याचे दाणे घालतात त्या कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबांवर त्यांनी केलेला प्रयोग अतिशय साधा होता. काही कोंबांच्या टोकांवर त्यांनी प्रकाश आत जाणार नाही अशा छोट्या टोप्या चढवल्या. इतर काही कोंबांचे टोक उघडे ठेवून खालचा भाग बारीक काळ्या वाळूत झाकला. मग एका बाजूने प्रकाश दिला. टोक झाकलेले कोंब सरळच राहिले. टोक उघडे असलेले कोंब, खालचा भाग झाकलेला असूनही, प्रकाशाकडे वळले. यावरून दिसले, की प्रकाशाची जाणीव होते टोकाला आणि वळतो त्याखालचा भाग. अर्थात टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे.

तो निरोप कोणता, हे कळण्यास आणखी जवळपास अर्धे शतक लागले. हॉलंडमधील फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने १९२६ च्या सुमारास ओटच्या कोंबांची टोके कापून ती अगर या समुद्रशैवालापासून बनलेल्या पदार्थाच्या तुकड्यांवर काही काळ ठेवली. नंतर टोके बाजूला काढून नुसते ते तुकडेच टोकहीन कोंबांवर एका कडेला ठेवले. अंधार असूनही ते कोंब वळले, आणि ज्या कडेला तुकडा ठेवला होता तिच्या विरुद्ध दिशेला वळले. टोकातून झिरपून तुकड्यात उतरलेले द्रव्य वाढ घडवून आणते, हे सिद्ध झाले. त्या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात; वाढ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे.

यातून उलगडलेली गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. प्रकाश रोपाला आपल्याकडे ओढतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात एका बाजूने प्रकाश पडला की ऑक्झिन सावलीच्या बाजूस अधिक जमते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात, आणि सावलीकडची बाजू लांब झाल्यामुळे खोड उजेडाकडे झुकते. म्हणजे उजेडाकडे नेणारी वाढ सावलीच्या बाजूला घडते. मुळांचे वर्तन याहून निराळे असते. अनेक वनस्पतींची मुळे प्रकाशापासून दूर वळतात.

निळ्या प्रकाशाची दिशा ओळखणारी फोटोट्रोपिन नावाची प्रथिने १९९० च्या दशकात ओळखली गेली. ती एखाद्या डोळ्यासारख्या अवयवात एकवटलेली नसतात, तर वनस्पतीच्या अंगभर पेशींत विखुरलेली असतात. वनस्पतीला एकच स्पर्शेंद्रिय आहे, या शास्त्रवचनाची आठवण येथे सहज होते. मात्र, 'विज्ञानाने शास्त्र सिद्ध केले' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विज्ञान यंत्रणा सांगते. आत्मा आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मापनाच्या कक्षेत येत नाही. आपली श्रद्धा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभी नाही, आणि प्रयोगशाळेचे काम आपल्या श्रद्धेसाठी थांबत नाही. दोहोंना आपापल्या जागी ठेवूनच दोहोंपासून शिकता येते.

मिटणारी पाने

वळणे ही संथ आणि बहुधा न परतणारी हालचाल आहे. काही वनस्पतींत मात्र रोज घडणारी आणि रोज उलटणारी हालचाल दिसते. सायंकाळी चिंचेची पाने मिटतात, शिरीषाची मिटतात, लाजाळूची तर कोणी हात न लावताही मिटतात. झाडे झोपली, आता पान तोडू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ही नोंद फार प्राचीन आहे. सिकंदराच्या आरमारातील अँड्रोस्थेनिस याने इराणच्या आखातातील टायलॉस बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनमध्ये, रात्री पाने मिटणारे आणि दिवसा उघडणारे झाड पाहिले होते. ते झाड चिंचेचे असावे, असे मानले जाते.

पानाच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरले आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतून ते निघाले की पान उघडते किंवा मिटते. पण ही गाठ उजेड पाहून काम करते की आपल्याच अंतर्गत वेळेनुसार? फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ द मेरां यांनी १७२९ मध्ये लाजाळूसारखे पाने मिटणारे रोप पूर्ण अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही रोपाची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. सजीवांच्या शरीरात दिवस-रात्रीचे स्वतःचे घड्याळ असते, या आजच्या ज्ञानाचा तो आरंभ होता. हे आंतरिक घड्याळ सुमारे २४ तासांचे असते, पण अगदी काटेकोर नसते. रोजच्या उजेडावर ते जुळवून घ्यावे लागते. सकाळचा प्रकाश ते लावतो. म्हणून खरा दिवस आणि खरी रात्र मिळणे ही जीवाची गरज आहे.

या क्षेत्रात आपल्या देशाचे एक मोठे नाव आहे, आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे. वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ हजारोपट मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी घडवले आणि १९१७ मध्ये कोलकात्यात आपली संशोधनसंस्था उभारली. आजच्या बांगलादेशातील फरीदपूर येथे एक खजुराचे झाड होते. सायंकाळी देवळात घंटानाद होत असताना ते साष्टांग नमस्कार घातल्यासारखे जमिनीकडे झुके आणि सकाळी पुन्हा उभे राही. लोक त्याला प्रार्थना करणारे झाड म्हणत आणि दर्शनाला येत. बसूंनी त्याची थट्टा केली नाही, किंवा चमत्कार म्हणून हातही जोडले नाहीत. झाडाला आपली नोंदयंत्रे जोडून त्यांनी दिवसरात्र मोजमाप केले. हे झुकणे आणि उठणे दिवसाच्या तापमानातील चढउतारामुळे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूर्याचा परिणाम होताच, पण तो प्रकाशातून नव्हे, उष्णतेतून होत होता. डोळ्यांना जे कारण वाटते तेच खरे कारण असेल असे नाही, हा धडा त्यात आहे. आणि कारण कळले म्हणून जीवाचे कौतुक उणावत नाही, हाही.

सूर्यफूल पूर्वेला का थांबते?

सूर्यफूल सूर्यामागे फिरते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धे खरे आहे. सूर्यफुलाचे कोवळे, वाढते रोप दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते आणि रात्री, सूर्य उगवण्याच्या आधीच, पुन्हा पूर्वेकडे तोंड करून वाट पाहते. हेही वाढीतूनच घडते : दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडची. रात्री उजेड नसताना ते परत वळते, यावरून आंतरिक घड्याळाचा सहभाग लक्षात येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रोपांना हा क्रम पाळू दिला नाही. तेव्हा त्यांची वाढ सुमारे एक दशांशाने घटली.

फूल पूर्ण उमलल्यावर खोडाची वाढ थांबते आणि मग ते फिरत नाही, पूर्वाभिमुख स्थिर होते. त्याच अभ्यासात काही कुंड्या पश्चिमाभिमुख करून ठेवल्या, तेव्हा पूर्वाभिमुख फुलांवर सकाळी पाचपटीपर्यंत अधिक मधमाश्या आल्या. कारण पूर्वेकडची फुले लवकर ऊबदार होतात. तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा व्यवहार करणाऱ्या आपल्या बांधवांनी लक्षात घ्यावे, की डब्यातील तेलामागे रोपाने सूर्याशी जुळवलेली रोजची वेळ आहे आणि सकाळी आलेल्या मधमाशीचे श्रमही आहेत.

पाण्यातील जीव आणि दिव्यावरचे पतंग

पाणी गाळून वापरण्याची शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. साचलेल्या हिरवट पाण्याच्या एका थेंबात युग्लीना नावाचा एकपेशीय जीव सापडतो. त्याच्या शरीरात लालसर ठिपका असतो. पोहताना तो आपल्याभोवती गोल फिरत जातो आणि त्या ठिपक्याची सावली जवळच्या प्रकाशसंवेदी भागावर पडते की नाही, यावरून त्याला उजेडाची दिशा कळते. बेताच्या उजेडाकडे तो पोहत जातो, फार प्रखर उजेडापासून दूर सरतो. मेंदू नाही, डोळा नाही, तरी पुरेसे आणि अति यांतील भेद तो करतो.

पतंगाची गोष्ट मात्र दुःखद आहे. पतंग ज्योतीवर मोहित होतो, असे काव्यात म्हणतात आणि विषयासक्तीचा दृष्टांत म्हणून व्याख्यानांतही ते येते. दृष्टांत म्हणून ते ठीकच आहे. पण घडते ते थोडे वेगळे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचे अतिवेगवान चित्रण केले. उडणारा कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतो, असे त्यात आढळले. कोट्यवधी वर्षे रात्रीही वरची दिशा खालच्या दिशेपेक्षा उजळ राहिली आहे. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहते, ही त्याची उपजत रीत आहे. जवळ दिवा आला की तीच रीत त्याला फसवते. तो दिव्याकडे पाठ वळवत राहतो आणि गोल गोल फिरत अडकतो. दिवा खाली असेल तर उलटा होऊन कोसळतो. तो मोहाने येत नाही. वर कोणते आणि खाली कोणते, याची त्याची खूण आपण हिरावून घेतलेली असते.

रात्रीभोजन त्यागामागे जी कारणे सांगितली जातात त्यांत हेही एक आहे, की रात्री दिव्यावर जीव येतात आणि अन्नात पडून मरतात. पूर्वसूरींनी हे निरीक्षण विजेच्या दिव्यांच्या कितीतरी आधी केले. आज प्रश्न ताटापुरता उरलेला नाही.

रात्रीची लांबी मोजणारे पीक

लातूर-सोलापूरकडच्या बाजारपेठांत सोयाबीनचा व्यवहार करणारी अनेक घरे हा अंक वाचतात. त्या पिकाने विज्ञानाला मोठा धडा दिला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलर्ड यांच्या निदर्शनास आले, की सोयाबीनच्या एका जातीचे बी निरनिराळ्या तारखांना पेरले तरी झाडांना फुले मात्र जवळपास एकाच सुमारास येतात. पेरणीची तारीख वेगळी, मग फुलण्याची वेळ कोण ठरवते? त्यांनी १९२० मध्ये मांडलेले उत्तर होते, दिवसाची लांबी. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग करून दाखवले, की अशी वनस्पती खरे तर अखंड अंधाराची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश दिला, तर ती रात्र तिच्या लेखी लांब राहत नाही आणि फुले येत नाहीत. आपली शेवंती याच वर्गातील. रात्री वाढू लागल्या की तिला कळ्या धरतात.

म्हणजे वनस्पतीला अंधारही हवा असतो. अंधार म्हणजे नुसती प्रकाशाची गैरहजेरी नव्हे. ऋतू बदलल्याची ती खूण असते. ही खूण पुसली गेली की काय होते, हेही पाहण्यात आले आहे. अमेरिकेत रस्त्यावरील दिव्यांलगतच्या सोयाबीनच्या ओळी उरलेले शेत पिवळे पडल्यावरही हिरव्या राहतात आणि उशिरा पक्व होतात. तेथीलच एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये नोंदवले, की पथदिव्यांजवळच्या काही झाडांची पाने शिशिरापूर्वी वेळेवर गळत नाहीत. दिव्याकडच्या फांद्या पाने धरून राहतात. दूरच्या फांद्या मोकळ्या होतात. एकाच झाडाच्या दोन बाजू दोन वेगळे ऋतू जगतात.

अनर्थदंड

येथवर आलेले ज्ञान आता आपल्या आचारापाशी आणून ठेवू. वनस्पती संवेदनशील आहे हे ऐकले की काही वाचकांना, विशेषतः तरुणांना, प्रश्न पडतो : मग भाजी तरी कशी खायची? श्रावकधर्माने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा संपूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती मर्यादेची आणि जयणेची. बारा व्रतांत यासाठी स्वतंत्र व्रत आहे, अनर्थदंड विरमण. प्रयोजन नसताना भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे, हे प्रमादाचे आचरण म्हणून वर्ज्य सांगितले आहे. या व्रताचा रोख हिंसेच्या मोठेपणावर नाही, तिच्या निरर्थकतेवर आहे. पोटासाठी जे घडते त्याला निदान प्रयोजन आहे. ज्याला प्रयोजनच नाही त्याचे समर्थन कसे करणार?

आता आपल्या दिव्यांकडे पाहा. दुकान रात्री नऊला बंद होते. पाटीवरील झगझगाट पहाटेपर्यंत चालू असतो. रस्त्यावर तेव्हा ग्राहक नसतो, असतात ते पतंग. लग्नाच्या लॉनवर प्रत्येक झाडाच्या बुंध्याला आणि फांद्यांना दिव्यांच्या माळा आवळून गुंडाळल्या जातात; समारंभ एका रात्रीचा, माळा महिनोन् महिने. बंगल्याच्या बागेत झाडाच्या मुळाशी वर रोखलेला प्रखर दिवा बसवतात, झाड शोभिवंत दिसावे म्हणून. महोत्सवांच्या रोषणाईतही हेच घडते, हे सांगताना संकोच वाटतो. पण सांगितले पाहिजे. ज्या मंडपात आपण जीवदयेचे व्याख्यान ऐकतो, त्याच्याच प्रवेशद्वाराखाली सकाळी मेलेल्या कीटकांचा थर झाडून काढावा लागतो.

वीज सचित्त की अचित्त, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. तो प्रश्न साधुभगवंतांनी आणि शास्त्रज्ञ पंडितांनी हाताळावा. वीज अचित्त मानली तरी तिच्या प्रकाशाने दिशाभूल होणारे जीव सचित्तच आहेत. दिव्याखाली उभे असलेले झाड तेथून निघून जाऊ शकत नाही. आपण निदान पडदा ओढून झोपतो. त्याच्याकडे पडदा नाही. स्थावर या शब्दाचा खरा भार येथे जाणवतो.

व्यापारात रोषणाई लागते, हे कोणीही नाकारणार नाही. सुरक्षिततेसाठी काही दिवे रात्रभर ठेवावे लागतात, हेही खरे. प्रश्न प्रयोजनाचा आहे. पाटीच्या दिव्याला ठरावीक वेळी आपोआप बंद करणारी कळ बसवता येते. राखणीसाठी कोणाची चाहूल लागली तरच पेटणारा दिवा लावता येतो. बाहेरच्या दिव्याला वरून झाकण देऊन उजेड फक्त जमिनीवर पडेल असे करता येते. पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा पिवळसर दिव्याकडे कीटक सामान्यतः कमी येतात. तो निवडता येतो. समारंभात माळा झाडांवर न लावता मंडपावर लावाव्यात आणि पाहुणे गेले की विझवाव्यात. यांतील कोणत्याही गोष्टीने धंद्याचे नुकसान होत नाही, उलट विजेचे बिल उतरते. इतक्या स्वस्तात पाळता येईल असे व्रत विरळाच.

मुलांना हे शिकवायचे असेल तर मुद्दाम धान्य रुजवून प्रयोग करण्याची आवश्यकता नाही. खिडकीतील कुंडी कोणत्या बाजूला झुकली आहे आणि खोडाची कोणती बाजू अधिक वाढली असेल, एवढे त्यांना विचारावे. संध्याकाळी पाठशाळेतून येताना शिरीषाखाली थांबून मिटलेली पाने दाखवावीत. रस्त्यावरील दिव्याजवळचे झाड आणि अंधारातील झाड यांच्या पानांत काही फरक दिसतो का, ते वर्षभर पाहू द्यावे. पाहण्याची सवय लागली की जयणा सांगावी लागत नाही.

दिवाळी हा आपल्यासाठी प्रभू महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. कल्पसूत्रात सांगितले आहे, की ज्ञानाचा प्रकाश लोपला म्हणून गणराजांनी त्या रात्री दीप लावले. त्या दीपांना प्रयोजन होते : जे गेले त्याचे स्मरण. आपणही दीप लावतो आणि लावत राहू. येत्या पर्युषणात क्षमापनेच्या वेळी आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागू. त्यांत वनस्पतिकायाचे जीव येतात, चतुरिंद्रिय पतंगही येतो. त्याआधी एका संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचे आणि दुकानाचे दिवे मोजावेत, प्रत्येकापुढे त्याचे प्रयोजन लिहावे, आणि ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही तो दिवा त्या रात्रीपासून मालवावा.